एका विशेषणाची चिकित्सा

मराठी भाषेत सध्या ज्या विशेषणांस सुगीचे दिवस आले आहेत, त्यांत ‘जंतुनाशक’ या विशेषणाचा क्रमांक बराच वरचा लागेल. तुळस जंतुनाशक, ओवा जंतुनाशक, आणि लवंग, दालचिनी, हळद, निलगिरी, गवती चहा हीही सारी जंतुनाशकच. साबणाच्या वेष्टनावर, नियतकालिकांच्या आरोग्यविषयक सदरांत, शाळेतील विज्ञानप्रदर्शनाच्या तक्त्यांवर आणि महाविद्यालयांतून निघणाऱ्या संशोधननिबंधांच्या मथळ्यांत हा शब्द इतक्या सढळ हाताने योजिला जातो की, त्याचा अर्थ काय, असे विचारणे हाच आता असभ्यपणा ठरू लागला आहे. तो असभ्यपणा आम्ही येथे करणार आहोत. आमचा व्यवसाय भाषा व साहित्य शिकविण्याचा. रसायनशाळेशी आमचा संबंध केवळ वाचकाचा. परंतु निबंध कोणत्याही शास्त्रावरचा असो, तो अखेर गद्यच असतो. आणि त्या गद्यात सिद्ध झालेली गोष्ट कोठे संपते व लेखकाची आशा कोठे सुरू होते, हे तपासण्याचा अधिकार टीकाकारास असतो असे आम्ही समजतो. शिवाय आम्ही ज्या मुलुखात राहतो तो राहाते तालुका पेरूच्या बागांचा. पेरूचे पान हेही या विशेषणाच्या मानकऱ्यांपैकीच एक असल्यामुळे हा विषय आमच्या दारातलाच आहे.

सुगंधी औषधी वनस्पतींच्या जंतुनाशकत्वावरील निबंध वाचू लागले म्हणजे चारदोन निबंधांतच त्यांचा साचा ध्यानात येतो. पहिल्या परिच्छेदात जगावरील संकटाचे वर्णन असते, आणि ते संकट खरेच आहे. नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दुसऱ्या परिच्छेदात आपल्या पूर्वजांच्या वनस्पतिज्ञानाचा गौरव असतो. मग प्रयोग येतो. काचेच्या पसरट बशीत आगराचा थर ओतून त्यावर जंतू पसरावयाचे, वनस्पतीच्या तेलात किंवा अर्कात भिजविलेली कागदाची टिकली त्यावर ठेवावयाची, बशी रात्रभर उबेत ठेवावयाची, आणि दुसऱ्या दिवशी टिकलीभोवती जंतू न वाढलेले जे कडे दिसेल ते मिलिमीटरांत मोजावयाचे. शेवटच्या परिच्छेदात पहिल्या परिच्छेदातील संकटावर हे कडे म्हणजे एक आशादायक उपाय असल्याचे सांगितलेले असते. निबंधाचे पहिले आणि शेवटचे पान यांच्यामध्ये जो समुद्र आहे, तो लेखकाने एका उडीत ओलांडलेला असतो; आणि मारुतीरायाची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या आमच्या वाचकास त्या उडीचे आश्चर्यही वाटत नाही.

या कड्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण सारी इमारत त्यावरच उभी आहे. सुगंधी तेल हे तेल आहे, आणि आगर हा बव्हंशी पाणीच आहे. तेल पाण्यात नीट पसरत नाही. म्हणून एखादे तीव्र तेलही लहानसेच कडे दाखवील, आणि पाण्यात सहज मिसळणारे एखादे सौम्य द्रव्य मोठे कडे दाखवून जाईल. शिवाय सुवास याचा अर्थच हा की, द्रव्य हवेत उडत आहे. ते रात्रभर उबेत उडते, झाकणाखाली कोंडते आणि शेजारच्या टिकल्यांवरही आपला अंमल बसविते. तेव्हा कड्याची रुंदी ही औषधाच्या बळाची मोजपट्टी नव्हे. दुसरी गोष्ट मात्रेची. तुलनेसाठी ठेवलेल्या प्रतिजैविकाच्या टिकलीवर औषध काही मायक्रोग्रॅम असते. वनस्पतीच्या टिकलीवर अर्क पुष्कळदा मिलिग्रॅमांनी ओतलेला असतो. दोन्ही कडी सारखी दिसली म्हणजे दोन्ही औषधे सारखी, हा हिशेब आमच्या गावचा वाणीसुद्धा मान्य करणार नाही. २००५ साली रिओस व रेसिओ या स्पेनमधील संशोधकांनी या विषयावरील निबंधांची झडती घेऊन असा दंडक सुचविला की, एक घनसेंटिमीटरात शंभर मायक्रोग्रॅमांहून कमी अर्काने जंतू थांबत असतील तरच ती गोष्ट विशेष लक्ष देण्याजोगी मानावी; हजार मायक्रोग्रॅमांच्या वर जावे लागत असेल तर तिचा बोलबाला करू नये. हा दंडक लावला तर मथळ्यांतील किती विशेषणे गळून पडतील, याची कल्पना निबंधांतील कोष्टके पाहणाऱ्यास सहज येईल. पुरेशा प्रमाणात वापरले तर मीठही जंतुनाशक आहे, आणि चुलीतला निखारा तर आहेच आहे.

याचा अर्थ ही सारी गोष्ट भ्रमाची आहे असा कोणी घेऊ नये. ओव्यातील थायमॉल, लवंगेतील आणि काही जातींच्या तुळशीतील युजेनॉल, ओरेगानो नावाच्या परदेशी पाल्यातील कार्व्हाक्रॉल ही फेनॉल वर्गातील द्रव्ये आहेत. ती जंतूच्या भोवतीच्या स्निग्ध पडद्यात शिरतात आणि तो सच्छिद्र करितात. मग आतील पोटॅशियम व इतर क्षार बाहेर पाझरू लागतात, आणि जंतूचा कारभार आटोपतो. ज्या जंतूंना या पडद्याबाहेर आणखी एक वेष्टन असते त्यांच्यावर ही द्रव्ये सामान्यतः कमी चालतात, आणि आतड्यात उपद्रव देणारे पुष्कळ जंतू नेमके याच जातीचे आहेत. दाताच्या पोकळीत लवंगेचे तेल भरणारा दंतवैद्य काही अंधश्रद्धेने वागत नाही. जेथे द्रव्य भरपूर प्रमाणात प्रत्यक्ष टेकविता येते तेथे ते आपले काम करिते. परंतु तेच युजेनॉल पोटात घेतले म्हणजे यकृत त्याचे झपाट्याने रूपांतर करून त्याला मूत्रावाटे बाहेर काढून देते, आणि बशीत लागलेले प्रमाण रक्तात कधी साठतच नाही. बशीतला जंतू आणि फुप्फुसातला जंतू यांत हे जे अंतर आहे, ते ‘जंतुनाशक’ या एका शब्दाने पुसून टाकले जाते. आमचा आक्षेप आहे तो या पुसून टाकण्याला.

भाषेच्या दृष्टीने याहूनही मोठा अपराध दुसराच आहे. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत ‘कृमिघ्न’ असा एक शब्द आहे. आधुनिक लेखक त्याचे भाषांतर बेधडक ‘जंतुनाशक’ असे करतो, आणि जे जंतू सूक्ष्मदर्शकाशिवाय कोणास दिसले नव्हते त्यांचा संहार भावमिश्राच्या खात्यावर जमा करतो. आता ओव्याचेच पाहा. भावप्रकाशाने ओव्यास कृमींवरील औषध म्हटले आहे. कृमी म्हणजे पोटातील जंत, असा साधा अर्थ घेतला तर हे विधान पुढे अक्षरशः खरे ठरले. अमेरिकेच्या दक्षिणेकडील प्रांतांत १९०९ नंतर रॉकफेलर यांच्या देणगीतून अंकुशकृमींविरुद्ध जी मोठी मोहीम निघाली, तिचे मुख्य औषध थायमॉल हेच होते. आणि पहिल्या महायुद्धापूर्वी थायमॉल काढण्यासाठी हिंदुस्थानातून ओवा जर्मनीस जात असे. म्हणजे जुना शब्द नेमका होता. त्याला अर्वाचीन करण्याच्या हौसेने आपण एक खरे विधान मोडले आणि त्याच्या जागी एक अर्धवट विधान बसविले. पूर्वजांचा गौरव करण्याची ही रीत आम्हांस तरी पसंत नाही.

या संदर्भात डॉ. वामन गणेश देसाई यांच्या ‘ओषधीसंग्रहा’ची आठवण होते. हा ग्रंथ १९२७ सालचा. म्हणजे लंडनमध्ये फ्लेमिंगच्या बशीत ती प्रसिद्ध बुरशी पडण्याच्या एक वर्ष आधीचा. आधुनिक वैद्यकाचे शिक्षण घेतलेल्या एका डॉक्टराने देशी वनस्पतींकडे आदराने वळून मराठीत लिहावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. हा ग्रंथ घराघरांतून वापरला गेला, आणि पुढच्या लेखकांनी त्यातून उतारेही भरपूर घेतले. परंतु तो वाचताना एक भान ठेवावे लागते. प्रतिजैविके अस्तित्वातच नव्हती तेव्हा एखाद्या पाल्यास जंतूंचा शत्रू म्हणणे आणि आज म्हणणे यांत फरक आहे. त्या विशेषणापुढे त्या दिवशी कोणी प्रतिस्पर्धी उभा नव्हता. ज्यांनी देसाईंचे उतारे घेतले त्यांनी सालाचा उल्लेख मात्र बहुधा गाळला.

जुना आधार म्हणजे पुरावा, ही समजूत आपल्याकडे दृढ होण्यास हळदीचा खटला पुष्कळसा कारण झाला असावा. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट १९९५ साली अमेरिकेत दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्या परिषदेने जुने संस्कृत ग्रंथ व १९५३ सालचा एक वैद्यकीय निबंध इत्यादी पुरावे पुढे मांडले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द करून घेतले. महाराष्ट्राने या विजयाचा अभिमान बाळगला तो योग्यच होता. पण जिंकले काय, हे नीट पाहिले पाहिजे. हे ज्ञान नवीन नाही एवढेच त्या खटल्यात सिद्ध झाले. ते खरे आहे की नाही, हा प्रश्न तेथे कोणी विचारला नव्हता आणि विचारण्याचे कारणही नव्हते. पुढे मात्र व्याख्यानांतून व लेखांतून असे सांगितले जाऊ लागले की, हळदीचे गुण अमेरिकेनेही मान्य केले! २०१७ साली नेल्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हळदीतील कर्क्युमिन या द्रव्यावरील वाङ्मयाचा जो समाचार घेतला, तो या मंडळींनी वाचावा. ते द्रव्य टिकत नाही, रक्तात फारसे पोचत नाही आणि प्रयोगशाळेतील परीक्षांना चकवून खोटाच होकार मिळवून देते, असा त्यांचा निर्णय आहे. जुन्या ग्रंथाचा उपयोग कसा करावा याचा धडा घ्यावयाचा असेल तर तो चीनच्या तू यूयू या विदुषीकडून घ्यावा. चौथ्या शतकातील एका चिनी ग्रंथात हिवतापावर एका सुगंधी दवण्यासारख्या वनस्पतीचा उपाय सांगितला होता, आणि तो पाला उकळावयास न सांगता थंड पाण्यात भिजवून पिळावयास सांगितला होता. इतर सर्वांनी ज्या क्रियापदावरून नजर फिरविली त्यावर ही बाई थांबली. उष्णतेने गुण नाहीसा होत असेल असे तिने ताडले, कमी उष्णतेवर अर्क काढला, आणि तो प्रथम स्वतः घेऊन पाहिल्यावर रुग्णांवर तपासला. २०१५ साली तिला नोबेल पारितोषिक मिळाले. हिवतापाचा जीव हा काही बॅक्टेरिया नव्हे, तेव्हा हे उदाहरण आमच्या विषयाच्या किंचित बाहेरचे आहे. पण इतके उत्तम ग्रंथवाचन आम्ही साहित्याच्या प्राध्यापकांतही फारसे पाहिलेले नाही.

आता पेरूकडे येऊ. गोदावरीच्या कालव्याच्या पाण्यावर राहात्याच्या परिसरात या फळाने चांगले मूळ धरले आहे, आणि शिर्डीस येणाऱ्या यात्रेकरूंस राहात्याचा पेरू चवीने ठाऊक असतो. हे झाड मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीजांच्या मागोमाग ते इकडे आले. त्यामुळे चरक-सुश्रुतांस ते ठाऊक असण्याचा संभव नाही, आणि त्याच्या समर्थनार्थ ऋषिमुनींस साक्षीला बोलाविण्याची सोयही उरत नाही. लवंग, जांभूळ व निलगिरी यांच्याच कुळातले हे झाड असल्याने त्याचे पान चुरडले म्हणजे उग्र सुवास येतो. हिरड्या दुखू लागल्या तर कोवळे पान चावावे, पोट बिघडले तर पानांचा काढा घ्यावा, हे आमच्याकडील बायामाणसांस कोणी शिकवावे लागत नाही.

या काढ्यावर मुंबईच्या ‘फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च’ या संस्थेतील तन्नाझ बिर्दी, पूनम दासवानी व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. संस्थेचे संस्थापक डॉ. नोशिर अंतिया यांचेही नाव त्यावर आहे. पाने पुणे जिल्ह्यातील परिंचे खोऱ्यातून आणलेली. काढा घरच्या रीतीने केलेला, म्हणजे सोळा भाग पाणी आटवून चार भाग उरविलेला. एवढे उकळल्यावर सुवासाचा बराचसा भाग चुलीवरच उडून जातो, हे वाचकाने लक्षात ठेवावे. या निबंधाचे आम्हांस विशेष वाटते ते असे की, येथे लेखक कड्यापाशी थांबले नाहीत. हगवण हा एकच व्यवहार नव्हे: जंतू आतड्याच्या अस्तरास चिकटतात, काही जाती आत घुसतात, काही जाती बाहेर राहूनच विष सोडतात आणि ते विष पेशींस जाऊन बिलगते. या एकेका पायरीवर काढा काय करतो, हे त्यांनी निरनिराळे तपासले. पटकीचा जंतू व आमांशाचा शिगेला यांची वाढ काढ्याने रोखली. विषाचे उत्पादन घटले व त्याचे बिलगणेही कमी झाले. मात्र उष्णतेने न बिघडणाऱ्या एका विषावर काही परिणाम झाला नाही, आणि हेही निबंधात स्वच्छ नोंदविले आहे. जंतूंचे चिकटणे व घुसणे कमी झाले. म्हणजे पानाच्या गुणाचा बराच मोठा भाग जंतू मारण्यात नसून त्याला निरुपद्रवी करण्यात आहे, असे दिसते. ‘जंतुनाशक’ हे विशेषण येथे खोटे ठरत नाही, पण अपुरे ठरते.

आणखी एक गंमत आहे. पेरूच्या पानातील गुणकारी द्रव्य म्हणून क्वेर्सेटिन या द्रव्याचा पुष्कळ गवगवा झालेला आहे. मुंबईच्या संशोधकांनी ते शुद्ध स्वरूपात घेऊन पाहिले, तर त्यात जंतू रोखण्याची शक्ती आढळली नाही आणि विषांवरही त्याचा परिणाम झाला नाही. जंतूंचे घुसणे तेवढे त्याने कमी केले, तेही काढ्याच्या मानाने थोडेच. एक रोग, एक द्रव्य, एक नायक अशी कथा ज्यांना आवडते त्यांची येथे निराशा होते. वनस्पतीत पुष्कळ द्रव्ये एकमेकांस हात देत असावीत, या कल्पनेस अन्यत्रही आधार मिळालेला आहे. दारुहळदीच्या वंशातील झाडांत बर्बेरीन असते, पण जंतू ते पंपाने उपसावे तसे बाहेर टाकतो. त्याच झाडांत तो पंप अडविणारे दुसरे एक द्रव्य असल्याचे स्टेर्मिट्झ व लुईस यांनी अमेरिकेत २००० साली दाखविले. हे दुसरे द्रव्य एकटे तपासले असते तर कड्याच्या परीक्षेत ते नापास झाले असते!

या संस्थेने एवढ्यावर न थांबता रुग्णांवरही परीक्षा घेतली, आणि ती २०२० साली प्रसिद्ध झाली. हगवण लागलेल्या शंभराहून थोड्या अधिक प्रौढ रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडले. काहींस सहा, काहींस दहा, काहींस चौदा पानांचा काढा दिला, आणि एक गट केवळ जलसंजीवनीवर ठेवला. दहा पानांचा काढा दिवसातून तीन वेळा घेणारांस सर्वांत लवकर, सुमारे ७२ तासांत, उतार पडला; नुसत्या जलसंजीवनीवर असणारांस १२० तास लागले. चौदा पानांनी दहांपेक्षा अधिक साधले नाही, ही गोष्ट ‘जितके अधिक तितके बरे’ म्हणणारांनी टिपून ठेवण्यासारखी आहे. आम्ही येथेही थोडे हात राखूनच कौतुक करू. कोणास काय दिले जात आहे हे देणारा व घेणारा दोघांसही ठाऊक होते. काढा प्यालेल्या माणसास आपण बरे होत आहो असे वाटणे स्वाभाविक आहे. रुग्णांची संख्याही मोठी नाही, आणि मुलांविषयी त्यातून काहीच सांगता येत नाही. मेक्सिकोत लोझोया यांच्या चमूने २००२ साली पेरूच्या पानांचे औषध प्रौढांवर तपासले, तेव्हा पोटातील कळांचा काळ कमी झाल्याचे आढळले. तेथे श्रेय दिले गेले ते आतड्याच्या पेटक्यांना शिथिल करण्यास, जंतू मारण्यास नव्हे. तेव्हा तीन परीक्षांत पानाच्या तीन बाजू दिसल्या, आणि एकही बाजू आमच्या लाडक्या विशेषणात पुरती मावत नाही.

शब्दांची एवढी ओढाताण कशासाठी, असे कोणी विचारील. हगवणीने मूल दगावते ते बहुधा जंतूंच्या संख्येमुळे नव्हे, अंगातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. १९७१ साली बांगला निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठसाखरेच्या पाण्याने पटकीचे रुग्ण वाचविले, त्यात जंतू मारणारे असे काहीच नव्हते. ज्या घरात ‘जंतुनाशक’ हा शब्द मनात ठसला आहे, तेथे आई दोन प्रकारे चुकते: एक तर काढा पाजून निश्चिंत होते व पाणी पाजण्याचे विसरते, किंवा पाल्याच्या जंतुनाशकत्वावरचा विश्वास उडताच औषधाच्या दुकानातून चिठ्ठीवाचून प्रतिजैविक आणते, आणि दोन दिवसांनी बरे वाटले की उरलेल्या गोळ्या फडताळात ठेवून देते. पाल्यावरचा फाजील विश्वास आणि गोळीवरचा फाजील विश्वास हे एकाच शब्दाच्या पोटी जन्मलेले आहेत. म्हणून आमच्या परिसरातील महाविद्यालयांत जे तरुण या विषयावर प्रबंध लिहीत आहेत, त्यांच्या मार्गदर्शकांस आमची विनंती आहे की, आणखी एका पाल्याचे कडे मोजण्याऐवजी त्यांनी मुंबईकरांनी उघडा ठेवलेला एखादा प्रश्न हाती घ्यावा.

असे प्रश्न राहात्याच्या शिवारातच पडलेले आहेत. महाराष्ट्रात सर्वत्र लावला जाणारा ‘सरदार’ पेरू हा पुण्याच्या गणेशखिंड येथील प्रयोगक्षेत्रात १९२७ साली, म्हणजे ‘ओषधीसंग्रहा’च्याच वर्षी, निवडला गेलेला वाण आहे. परिंचे खोऱ्यातील पानांचा गुण या वाणाच्या पानांत तेवढाच उतरतो काय? कोवळे पान व जून पान, मृगबहाराचे पान व हस्तबहाराचे पान यांत फरक किती? छाटणीच्या वेळी बांधावर पानांचे ढीग पडतात, तेव्हा नमुन्यांची वाण पडण्याचे भय नाही. मात्र या पानांवर फळमाशीच्या व इतर किडींच्या बंदोबस्तासाठी विषारी औषधांची फवारणी झालेली असते, आणि ते विष काढ्यात किती उतरते हे अगोदर पाहावे लागेल. तोवर ज्यांना काढा करावयाचाच असेल त्यांनी बागेतील पाने घेऊ नयेत. परसातील, कधी फवारा न बसलेल्या झाडाची घ्यावीत.